शब्दाला शब्द, मग हात: स्वसंरक्षण नेमकं कुठे सुरू होतं?

सिग्नलवर दुचाकी मोटारीला घासली. सोसायटीत पार्किंगवरून दोन घरांत जुंपली. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून हमरीतुमरी झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, ‘किरकोळ वादातून मारहाण’, आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘परस्परविरोधी तक्रारी दाखल’. ज्याने सुरुवात केली तोही आरोपी आणि ज्याने मार चुकवता चुकवता एक ठेवून दिली तोही आरोपी. सामान्य माणसाला इथेच काही कळेनासं होतं. तो म्हणतो, मी तर स्वतःला वाचवत होतो, मग माझ्यावर गुन्हा कसा?

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले आणि ‘नव्या कायद्यात घरात शिरणाऱ्याला ठार मारलं तरी चालतं’ अशा छापाचे निरोप मोबाइलवर फिरू लागले. तसं काही झालेलं नाही. स्वसंरक्षणाची जुनी ९६ ते १०६ ही अकरा कलमं जवळपास जशीच्या तशी ३४ ते ४४ या क्रमांकांवर येऊन बसली आहेत. मूळ कायदा १८६० चा, अंमल १८६२ पासूनचा. इतकी वर्षं ही कलमं आपल्या पाठीशी उभी आहेत, आणि बहुतेकांना ती पहिल्यांदा कळतात ती पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर.

मला या लेखात एक गोष्ट पटवून द्यायची आहे. स्वसंरक्षणाचा हक्क टिकतो की जातो, हे बऱ्याचदा पहिला हात उठण्याआधीच्या मिनिटभरात ठरतं. त्या मिनिटात आपण काय बोललो, कुठे उभे होतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

हक्क आहे, आणि तो भक्कम आहे

कायद्यात याला ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’ म्हणतात. पोलीस वेळेत पोहोचू शकत नाहीत अशा वेळी स्वतःचं किंवा दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता वाचवण्यासाठी लागेल तेवढं बळ वापरण्याची ही मुभा. पुढे साधं ‘स्वसंरक्षण’च म्हणू. कलम ३४ सांगतं की हा हक्क बजावताना केलेली कोणतीही कृती अपराध ठरत नाही. शिक्षा कमी होते असं नाही, मुळात गुन्हाच होत नाही.

हा हक्क इतका सढळ हाताने का दिला, यामागे इतिहास आहे. दंड संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने तयार केला. या देशातले लोक दरोडेखोरांचा जुलूम निमूट सोसतात, तेव्हा त्यांच्या हक्काला आणखी कुंपणं घालण्यापेक्षा त्यांना उभं राहायला बळ द्यावं, असं आयोगाने टिपणात लिहून ठेवलं होतं. परक्या राज्यकर्त्याचा सूर त्यात आहेच. तरी त्या विचारातून निघालेली कलमं आपण स्वातंत्र्यानंतरही ठेवली आणि न्यायालयांनी ती सामान्य माणसाच्या बाजूने वाचली.

काही प्रसंगांत तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क शाबूत राहतो. कलम ३८ मध्ये ती यादी आहे: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, सुटकेसाठी सरकारी यंत्रणेकडे दाद मागता येणार नाही अशी भीती वाटावी अशा रीतीने कोंडून ठेवणं, आणि ॲसिड फेकणं किंवा तसा प्रयत्न. ॲसिडचा मुद्दा २०१३ च्या दुरुस्तीने आला. मालमत्तेसाठीची यादी कलम ४१ मध्ये आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं वगैरे त्यात येतं. साधा भुरटा चोर या यादीत आपोआप बसत नाही. त्याच्या वागण्यातून जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती निर्माण झाली तरच तो बसतो. मोबाइलवरचा निरोप खोटा आहे तो इथे.

दूध वर येतं तेव्हा

या हक्काला तीन मर्यादा आहेत आणि तिन्ही लक्षात ठेवायला स्वयंपाकघरातला एक प्रसंग पुरतो. गॅसवर दूध वर यायला लागलं की आपण ते सांडायची वाट बघत नाही, लगेच पाण्याचा हबका मारतो. हबका चमचाभर पाण्याचा असतो, बादली ओतत नाही. आणि दूध खाली बसलं की हात थांबतो.

पहिली मर्यादा वेळेची. कलम ४० प्रमाणे हक्क सुरू होतो तो धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच, पहिला फटका बसल्यावर नाही. कोणी कोयता उगारून धावत आला, तर आधी वार झेला आणि मग हात उचला असं कायदा सांगत नाही. मार्च १९५० मध्ये मध्य प्रदेशातल्या कटनीत दंगल उसळली होती. जमावाने एका माणसाच्या इमारतीत शिरून त्याच्या भावाचं दुकान लुटलं आणि याच्या दारावर लाठ्या घालायला सुरुवात केली. आत घरची माणसं होती. त्याने बंदूक झाडली, त्यात एक जण मेला. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, नागपूरच्या उच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. दार अजून तुटलं नव्हतं, प्रत्यक्ष त्याची लूट सुरू झाली नव्हती, हा मुद्दा त्याच्या विरोधात गेला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी म्हटलं की अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत. दार फुटून जमाव आत आल्यावर त्याने काय केलं असतं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा निकाल वाचावा.

दुसरी मर्यादा प्रमाणाची, आणि तीही या सोन्याच्या तराजूशी जोडलेली आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही असं कलम ३७ सांगतं. पण घाबरलेल्या माणसाने पायरीपायरीने, मोजूनमापून प्रतिकार करावा अशी न्यायालयांची अपेक्षा नसते. त्याने गालावर मारली म्हणून मीही गालावरच, असं गणित इथे नाही. त्याने धक्का दिला आणि मी डोक्यात फरशी घातली, तर मात्र तो बचाव टिकणार नाही.

तिसरी मर्यादा थांबण्याची. भीती संपली की हक्क संपला. १९६२ च्या एका खटल्यात गावकरी चाल करून आले, आरोपींपैकी एकाने गोळी झाडली, गावकरी पळत सुटले आणि पळणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. पळणाऱ्यावर गोळी झाडणं हे संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. रोजच्या भांडणात हे रूप फार दिसतं. समोरचा खाली पडतो आणि मग लाथा सुरू होतात. पहिला धक्का कदाचित स्वसंरक्षणाचा असतो, लाथा कधीच नसतात.

शिवी दिली तर कानाखाली काढायची नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे: शब्दाविरुद्ध स्वसंरक्षण नाही. शब्दाने शरीराला धोका पोहोचत नाही, म्हणून शारीरिक प्रतिकाराचा हक्क जन्मालाच येत नाही.

याचा अर्थ शिवी देणारा मोकळा सुटतो असा नाही. शांतता भंग व्हावी या उद्देशाने केलेला अपमान हा कलम ३५२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ‘ठार मारीन’, ‘घर जाळीन’ ही धमकी कलम ३५१ मध्ये येते, आणि धमकी जिवाची असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द, हावभाव कलम ७९ मध्ये येतात, तीन वर्षांपर्यंत. जातीवरून सार्वजनिक ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला केलेली शिवीगाळ १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात जाते आणि तिथे अटकपूर्व जामीन मिळणंही कठीण होतं. रागाच्या भरात आईबहिणीवर आणि जातीवर जाणं ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की अनेकांना तो गुन्हा वाटतच नाही. तो गुन्हा आहे, आणि त्याआधी तो माणसाचा अपमान आहे.

शिवी ऐकून कोणी एक थोबाडीत दिलीच तर? गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे दुखापत केली असं सिद्ध झालं तर कलम १२२ प्रमाणे शिक्षा बरीच कमी होते, साध्या दुखापतीला महिन्यापर्यंत. पण कमी शिक्षा म्हणजे निर्दोष सुटका नाही. प्रक्षोभ आणि स्वसंरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भांडणात अडकलेली माणसं हमखास त्यांची गल्लत करतात.

‘हात लावून दाखव’

हे तीन शब्द मला सगळ्यात धोक्याचे वाटतात. सिग्नलवरचाच प्रसंग घेऊ. मोटारवाला उतरतो, “डोळे फुटले का?” म्हणतो. दुचाकीवाला हेल्मेट काढून आरशावर अडकवतो आणि म्हणतो, “आवाज खाली.” दोघं एकेक पाऊल पुढे येतात. “तू मला सांगणार?” “हो, सांगणार. काय करशील?” “बघायचंय का?” “हात लावून दाखव.” मोटारवाला छातीवर हात ठेवून ढकलतो. दुचाकीवाला ठोसा मारतो. एव्हाना मागच्या रिक्षातल्या कोणीतरी मोबाइल काढलेला असतो आणि चित्रण सुरू होतं ते ठोशापासून.

दुचाकीवाल्याला प्रामाणिकपणे वाटतं की आधी हात त्याने लावला, म्हणून माझा ठोसा स्वसंरक्षणाचा. पण दोघंही आधीपासून भिडायच्या तयारीत होते असं दिसलं, तर न्यायालय त्याला खुली मारामारी मानतं. दोन्ही बाजू लढायच्याच इराद्याने उतरल्या असतील तर कोणालाच स्वसंरक्षणाचा आधार नाही, ज्याने जेवढं केलं तेवढ्याला तो जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालय १९५० च्या दशकापासून सांगत आलं आहे. शिवाय सार्वजनिक ठिकाणी अशी झुंज म्हणजे कलम १९४ खालची दंगामस्ती, आणि त्यात पोलीस दोघांनाही उचलू शकतात.

‘हात लावून दाखव’ हे आमंत्रण आहे. हेल्मेट काढून ठेवणं, बाह्या सरसावणं, एक पाऊल पुढे येणं हीदेखील आमंत्रणंच आहेत. साक्षीदार नेमक्या याच गोष्टी जबाबात सांगतात, कारण त्यांना तेवढंच आठवतं.

आता हाच प्रसंग उलटा बघा. मोटारवाला उतरून येतो, दुचाकीवाला जागचा हलत नाही, दोन्ही हात उघडे छातीपाशी, मोठ्या आवाजात म्हणतो, “मला भांडायचं नाही, मागे व्हा.” मोटारवाला तरीही कॉलर पकडून मारायला लागतो आणि दुचाकीवाला त्याला जोरात ढकलून सुटतो. ठोसा असो की धक्का, इजा कदाचित तेवढीच. पण इथे चढाई कोणी केली याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरत नाही.

त्या मिनिटात बोलायचं कसं

राग किंवा भीती चढली की शरीरात ॲड्रेनॅलिन सुटतं. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, नजर समोरच्या चेहऱ्यापुरती आक्रसते, आजूबाजूचे आवाज नीट ऐकू येत नाहीत, बोटं थरथरतात आणि मोबाइलवर साधा ११२ दाबणंही जड जातं. अशा वेळी नवीन, हुशार उत्तर सुचत नाही. सुचतं ते सवयीचं. म्हणून दोन-तीन वाक्यं आधीच तोंडात बसलेली हवीत, आणि ती घरी मोठ्याने म्हणून बघायला लाज वाटू देऊ नये.

समोरचा अरे-तुरेवर आला तरी आपण अहो-जाहोवरच राहायचं. यात कमीपणा नाही. बघणाऱ्या दहा जणांना त्या क्षणी कळतं की चढलेला कोण आहे. “शांत व्हा” हे वाक्य टाळावं, ते हुकमासारखं लागतं आणि पारा आणखी चढतो. “चूक कोणाची” हा विषयच काढायचा नाही, कारण रस्त्यावर त्याचा निकाल लागत नाही. “दादा, नुकसान झालं असेल तर बघू. गाड्या बाजूला घेऊ या, मागे ट्रॅफिक तुंबलंय.” या वाक्यात त्याच्या रागाला उत्तर नाही, पुढचं काम आहे. चिडलेल्या माणसाला काम दिलं की त्याचे हात गुंततात.

लोकांसमोर भांडणारा माणूस बहुतेकदा लोकांसाठी भांडत असतो. बायको-मुलं गाडीत बसलेली असतात, मित्र मागे उभे असतात. त्याला मान खाली न घालता बाहेर पडायला वाट हवी असते. “तुमचं म्हणणं बरोबर असेल, माझा नंबर घ्या” एवढं म्हटलं तरी त्याला ती वाट मिळते. आपण भांडण हरलो असं त्या क्षणी वाटतं, आणि या वाटण्यापायीच सगळ्यात जास्त माणसं तुरुंगात जातात असं मला वाटतं.

अंतर बोलण्याइतकंच महत्त्वाचं. किमान दोन हात लांब राहायचं, समोरासमोर छाती काढून उभं न राहता थोडं तिरकं, एक पाय मागे. हात खिशात नकोत, कमरेवर नकोत, बोट रोखलेलं तर अजिबात नको. तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, समोरच्याकडे. बघणाऱ्याला ते समजुतीचे हात दिसतात, आणि वार आलाच तर तेच हात चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ असतात. “मला भांडायचं नाही, मागे व्हा” हे वाक्य मोठ्याने, दोनदा म्हणावं. समोरच्याला सीमा कळते, आजूबाजूच्यांचं लक्ष वेधतं आणि उद्याच्या साक्षीदाराच्या कानात नेमकं वाक्य राहतं.

दारू प्यायलेल्या माणसाशी यातलं काहीही चालत नाही. तिथे एकच, निघून जायचं. गाडीत असाल तर उतरायचंच नाही. काचा वर, दारं बंद, आणि गाडी सरळ पोलीस चौकीकडे किंवा माणसं असलेल्या पेट्रोल पंपावर.

म्हणजे षंढासारखं पळून जायचं?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात एक खरी चीड आहे. रोज कोणीतरी दमदाटी करतं आणि सभ्य माणसाने दरवेळी माघार घ्यायची, हे पटणारं नाही. आणि कायदाही तसं म्हणत नाही. १५ जानेवारी २०१० रोजी ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणाची दहा तत्त्वं एकत्र मांडली. अचानक हल्ला झाला तर कायदा मानणाऱ्या नागरिकाने भ्याडासारखं पळावं अशी अपेक्षा नाही, हा त्या निकालाचा गाभा. मागे हटलात का, हा प्रश्न तुमचा हक्क आपोआप काढून घेत नाही.

तरीही मी म्हणतो, जाता येत असेल तर जा. कारण कायद्याचं नाही, कवटीचं आहे. रस्त्यावरच्या मारामारीत माणसं ठोशाने क्वचित मरतात. ती मरतात फुटपाथच्या कडेवर डोकं आपटून. एक धक्का, तोल जातो, मागचं डोकं दगडावर आणि दहा सेकंदांपूर्वी सीटवरून वाद घालणारा माणूस गेलेला असतो. आपण मेलो काय किंवा तो मेला काय, दोन्ही घरं बसतात. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि काही तासांनी आतल्या रक्तस्रावाने कोसळतो, असंही घडतं. म्हणून डोकं आपटल्यावर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारात फरक यातलं काही दिसलं तर घरी न्यायचं नाही, थेट रुग्णालयात.

अंगावर आलाच तर

स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण जरूर घ्यावं, मुलींनी आणि मुलांनीही. पण त्यातून काय मिळवायचं हे नीट समजून. चांगला शिक्षक आधी शिकवतो ते पडायचं कसं, पकड सोडवायची कशी, मान आणि डोकं कसं झाकायचं आणि सुटल्यावर कोणत्या दिशेला धावायचं. मनगट पकडलं असेल तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात सोडवायचा, कारण पकड तिथे सगळ्यात कच्ची असते. जिंकायची गरज नसते, निसटायची असते. समोरच्याच्या हातात चाकू असेल आणि तो पाकीट मागत असेल, तर पाकीट एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला पळा. चाकूसमोर पट्टीचे खेळाडूही कापले जातात.

ब्लॅक बेल्ट असलेल्यांना हात पोलिसांकडे ‘शस्त्र’ म्हणून नोंदवावे लागतात, ही समजूत निराधार आहे. असा कायदा नाही.

स्प्रे आणि चाकूचं काय? मिरपुडीचा स्प्रे दुकानात मिळतो आणि जवळ बाळगायला हरकत नाही. पण तो वापरायलाही तेच नियम. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या वादात स्प्रे मारल्याचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. जिवाला तातडीचा धोका दिसत नव्हता, आणि स्प्रे हे घातक हत्यार ठरू शकतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. चाकू, दांडा गाडीत ठेवणं तर अंगाशी येणारंच. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी हत्यारं, लाठ्या बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात आणि सीटखालचा दांडा ‘तयारीनिशी आला होता’ याचा पुरावा होऊन बसतो.

दुसऱ्यासाठी मध्ये पडलो तर?

हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही. अनोळखी माणसाच्या शरीराचंही रक्षण करता येतं. १९५९ च्या एका निकालातली हकीकत अशी: नवऱ्याशी पटत नसल्याने बहीण वडिलांच्या घरी राहत होती. नवरा आला आणि तिला फरफटत न्यायला लागला. भावाने खिशातला चाकू काढून एक वार केला, तो वर्मी लागला आणि नवरा मेला. सर्वोच्च न्यायालयाने भावाला सोडून दिलं. बायको असली तरी तिला बळाने ओढून नेणं हे शरीराविरुद्धचं अपहरण, आणि भावाने वार एकच केला, तिला सोडवण्यापुरता. ‘घरगुती मामला’ म्हणून खिडकी लावून घेणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. वर्दीतला माणूस सद्भावनेने आपलं काम करत असेल, तर त्याची कृती नियमात काटेकोर बसत नसली तरी त्याच्यावर हात उचलता येत नाही. अपवाद फक्त जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तेव्हाचा. गाडी उचलून नेणाऱ्या वाहतूक पोलिसाशी दोन हात करणाऱ्याला स्वसंरक्षण म्हणता येणार नाही. तक्रार करावी.

उलट माझ्यावरच केस झाली तर?

होईल, अशी तयारी ठेवा. पोलीस ठाण्यात पहिल्या तासाला कोण खरं हे ठरत नाही, दोघांचंही लिहून घेतलं जातं. तुमचा बचाव न्यायालयात तपासला जातो. तिथे तो तुम्ही मांडायचा असतो खरा, पण खुनाचा आरोप सरकारला जितका पक्का सिद्ध करावा लागतो तितका नाही. ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं दिसलं तरी पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतूनही दाखवता येतं. हक्काच्या मर्यादेबाहेर गेलात, पण सद्भावनेने आणि आधी न ठरवता, तर जीव गेला असला तरी तो खून न राहता सदोष मनुष्यवध ठरतो.

म्हणून आधी सरकारी रुग्णालयात जाऊन मेडिकल करून घ्या, खरचटलं असलं तरी. आरोपीच्या अंगावरच्या जखमा कशा झाल्या हे सरकारी पक्षाला सांगता आलं नाही तर त्याची कहाणी कच्ची पडते, आणि त्या जखमांची नोंद त्याच दिवसाची लागते. मग फिर्याद. साधी दुखापत, शिवीगाळ हे अदखलपात्र गुन्हे, तिथे ठाणे अंमलदार ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतो आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हाड मोडलं, दात पडला, किंवा जखमी माणूस पंधरा दिवस रोजची कामं करू शकला नाही, तर ती जबर दुखापत आणि गुन्हा दखलपात्र. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. जबाब देताना शेवटापासून सुरू करू नका. “त्याने मारलं म्हणून मी मारलं” हे शेवटचं वाक्य. त्याच्या आधीचं मिनिट लिहून घ्यायला लावा: तो किती अंतरावर होता, तुम्ही काय म्हणालात, मागे जायला जागा होती का, तुम्ही कधी थांबलात. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

ठाण्यात बऱ्याचदा ‘मिटवून टाका’ असं सुचवलं जातं. साधी दुखापत आणि अपमान हे गुन्हे कायद्यानेच आपसात मिटवता येण्यासारखे आहेत आणि न्यायालयात रीतसर मिटवले तर निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. शेजारी असेल, रोज तोंड बघायचं असेल, तर मिटवणं शहाणपणाचं आहे. फक्त मेडिकल आधी होऊ द्या, जे ठरलं ते कागदावर घ्या, आणि जखम मोठी असेल तर वकिलाने वाचल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका.